ईस्टरचा खटला कोर्टात नेऊ नका

ईस्टर जवळ आला की आमच्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं. उपदेशक व्यासपीठावरून सांगतात, पत्रकात छापलेलं असतं, आता तर व्हॉट्सॲपवरही फिरतं. येशूच्या पुनरुत्थानाचा पुरावा म्हणे इतका भक्कम आहे की जगातल्या कुठल्याही कोर्टात तो टिकेल. मंडळी ‘आमेन’ म्हणते. मी म्हणत नाही. सोलापूरच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी सारी नोकरी साक्षी टंकण्यात गेली. खून, बांधाची भांडणं, पोटगी, अपघाताची भरपाई अशा सगळ्या प्रकरणांतले साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहिलेले मी पाहिले. त्या अनुभवावरून सांगते, हे वाक्य चुकीचं आहे आणि ख्रिस्ती श्रद्धेचं ते नुकसान करतं. मी स्वतः ख्रिस्ती आहे. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. म्हणूनच हे लिहिण्याचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालते.

मी राहते कुंभारीत, गोदूताई परुळेकर विडी घरकुलात. माझी आई विडी कामगार होती. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, आणि आता पलीकडे तीस हजार घरांचं रे नगर होतंय. आमच्या गल्लीत तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू चारही भाषा चालतात. रस्ता अक्कलकोटचा, त्यामुळे स्वामी समर्थांच्या दर्शनाला पायी जाणाऱ्यांची वर्दळ असते. देव कुणाला कधी कसा दिसला, याच्या गोष्टी इथे नळावर पाणी भरतानाही ऐकायला मिळतात. अशा गावात राहून ‘आमचाच पुरावा कोर्टात टिकणारा’ असं म्हणायचं, तर आधी शेजारणीच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे.

हे कोर्टाचं वाक्य मुळात आलं कुठून? पहिल्या शतकातले शिष्य असं बोलत नव्हते. ही भाषा अठराव्या शतकातल्या इंग्लंडची. थॉमस वूल्स्टन नावाच्या विद्वानाने येशूच्या चमत्कारांवर आणि पुनरुत्थानावर टीका करणाऱ्या पुस्तिका लिहिल्या, टर उडवली. १७२९ मध्ये धर्मनिंदेच्या खटल्यात तो दोषी ठरला. दंड झाला, कैद झाली. १७३३ मध्ये तो वारला तेव्हाही कैदेच्या बंधनातून मोकळा झालेला नव्हता. त्याच १७२९ साली बिशप थॉमस शेरलॉक यांनी त्याला उत्तर देणारं पुस्तक काढलं. त्यात काही वकील मंडळी लुटुपुटीचा खटला चालवतात. आरोपी असतात येशूचे शिष्य, आरोप असतो खोटी साक्ष दिल्याचा, आणि शेवटी ज्युरी त्यांना निर्दोष सोडते. पुस्तक तुफान खपलं. १७९४ मध्ये विल्यम पेलींनी ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवर ग्रंथ लिहिला. १८४६ मध्ये हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक सायमन ग्रीनलीफ यांनी चारही शुभवर्तमानकारांना कोर्टाच्या नियमांनी तपासलं. १९९८ मध्ये ली स्ट्रोबेल या अमेरिकी पत्रकाराचं पुस्तक आलं, त्यावर पुढे चित्रपटही निघाला. आपल्याकडे ही पद्धत मिशनऱ्यांबरोबर आली. १८३०च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचे जाहीर वाद रंगले, तेव्हापासून कुणाचा ग्रंथ प्रमाण यावर मराठीत दोन्हीकडून वकिली होत आली आहे.

कोर्टात काम केलेल्या बाईला यातल्या दोन गोष्टी खटकतात. खरंखुरं कोर्ट बसलं होतं ते शंका घेणाऱ्याला तुरुंगात टाकायला, ही पहिली. दुसरी अशी, की शेरलॉक यांच्या कल्पित खटल्यातसुद्धा निकाल एवढाच लागतो की शिष्यांनी खोटी साक्ष दिली, हा आरोप सिद्ध झाला नाही. आरोपी निर्दोष सुटणं वेगळं आणि घटना सिद्ध होणं वेगळं. कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही हा फरक कळतो.

आता आपल्या कोर्टाचे नियम लावून पाहू. १८७२ चा पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण मुळातली तत्त्वं तीच राहिली. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, म्हणजे पाहण्याची गोष्ट असेल तर ज्याने पाहिली त्यानेच येऊन सांगायची. शपथेवर सांगायची. सरतपास झाला की समोरच्या वकिलाला उलटतपास घेऊ द्यायचा.

पहिल्याच कसोटीला अडचण येते. येशू कबरीतून उठला तो क्षण कुणी पाहिला? मत्तय, मार्क, लूक, योहान या चौघांच्याही लिखाणात एकही माणूस तो क्षण पाहत नाही. बायका पोचतात तेव्हा कबर रिकामी असते. पुढे तो भेटतो, बोलतो, लूक सांगतो त्याप्रमाणे भाजलेला मासाही खातो. पण उठताना पाहिलेला साक्षीदार नाही. असा साक्षीदार पुढे तयार झाला, ही गंमत आहे. १८८६-८७च्या सुमारास इजिप्तमध्ये अख्मीम इथे एका कबरीत जुनं हस्तलिखित सापडलं. त्यात पेत्राच्या नावावरच्या, बहुधा दुसऱ्या शतकातल्या एका शुभवर्तमानाचा भाग होता. त्यात पहाऱ्यावरचे शिपाई आणि यहुदी वडीलजन प्रत्यक्ष पाहत असतात. कबरीतून तिघे बाहेर येतात, त्यांची डोकी आभाळाला भिडलेली, मागून क्रूस चालत येतो आणि तो बोलतोही. वकिलाला हवा होता तसाच साक्षीदार! मंडळीने मात्र हे लिखाण आपल्या पवित्र शास्त्रात घेतलं नाही. पढवलेला साक्षीदार कसा ओळखायचा, हे त्या जुन्या लोकांना आपल्यापेक्षा बरं कळत होतं.

उलटतपासाचं काय? प्रेषित पौलाने करिंथ इथल्या मंडळीला पत्र लिहिलं ते इसवी सन ५४च्या आगेमागे. त्यात येशू कुणाकुणाला दिसला याची यादी आहे. केफा म्हणजे पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, मग सगळे प्रेषित आणि सर्वांत शेवटी स्वतः पौल. पाचशेंपैकी बरेच जण अजून हयात आहेत, काही वारले, असंही तो सांगतो. थोडक्यात, शंका असेल तर जाऊन विचारा. पण पाचशेंतलं एकही नाव नाही, ठिकाण नाही. कोर्टात असं झालं तर न्यायाधीश म्हणतील, नावं-पत्ते द्या, समन्स काढू. करिंथहून यरुशलेमला जायचं म्हणजे समुद्रप्रवास. कुणी गेलं असेल, विचारलंही असेल, पण त्या विचारपुशीचा कागद आपल्या हाती नाही.

एवढं मान्य केल्यावर जे उरतं ते थोडंथोडकं नाही, आणि मला खरा रस तिथेच आहे. पौलाची ती यादी त्याने स्वतः रचलेली नाही. मला मिळालं ते मी तुम्हांला दिलं, असं तो बजावून सांगतो. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आपला पालट होऊन येशूचा अनुयायी झाल्यानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. येशूला क्रूसावर दिलं ते रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत, सन ३०च्या किंवा ३३च्या सुमारास. म्हणजे घटनेनंतर पाच-सात वर्षांच्या आत पौलाने दोन मुख्य साक्षीदारांच्या तोंडून हकीकत ऐकली. शंभर-दीडशे वर्षांनी भक्तांनी दंतकथा रचली, असं म्हणणाऱ्यांना पौलाची ही पत्रं अडवतात. या विश्वासाला आख्यायिका व्हायला लागतो तेवढा वेळच मिळालेला नव्हता.

शिवाय पौल हा आधी विरुद्ध बाजूचा माणूस. येशूच्या अनुयायांचा छळ करत फिरणारा. कोर्टात सरकार पक्षाचे साक्षीदार फितूर होताना मी पुष्कळ पाहिले. बहुतेकांच्या मागे भीती असायची, नाही तर पैसा. पौल उलट दिशेने फिरला आणि त्याच्या वाट्याला फटके, तुरुंग आणि शेवटी मरण आलं. याकोबाचंही तसंच. येशू हयात असताना भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं योहान लिहितो. पुढे हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला आणि सन ६२ मध्ये मारला गेला, हे योसेफस हा यहुदी इतिहासकार नोंदवतो. मृतांचं पुनरुत्थान ही कल्पना परूशी यहुद्यांत होतीच, सदूकी ती नाकारत. पण परूशींच्या मते ते युगाच्या अंती, सगळ्यांचं एकदम व्हायचं होतं. मध्येच एकटा उठेल, आणि तोही क्रूसावर टांगलेला, अशी वाट कुणी पाहत नव्हतं. या माणसांना काहीतरी झालं होतं. त्यांनी काहीतरी अनुभवलं होतं आणि त्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. इतिहासाचा अभ्यासक, नास्तिक असला तरी, इथपर्यंत येऊ शकतो. त्यापुढचं पाऊल श्रद्धेचं आहे.

साक्ष कागदावर कशी येते, हेही सांगायला हवं, कारण माझी हयात त्यातच गेली. साक्षीदार आपल्या बोलीत सांगतो, मध्येच रडतो, मागचं पुढे बोलतो. वकील प्रश्न विचारतात, न्यायाधीश त्याचं सलग वाक्य करून सांगतात आणि लघुलेखक टंकतो. प्रश्न गळून पडतात, राहते ती ‘मी’ने सुरू होणारी सरळ हकीकत. साक्षीदाराला ती वाचून दाखवतात, तो सही नाही तर अंगठा करतो. शब्द त्याचे असतात, वाक्यं त्याची नसतात. शुभवर्तमानं मी अशीच वाचते. दुसऱ्या शतकाच्या पहिल्या भागातला पापियास म्हणतो की मार्क हा पेत्राचा दुभाष्या, पेत्राला आठवलं तसं त्याने लिहिलं, पण क्रमवार नाही. पापियासचं हे म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं तेही चौथ्या शतकातल्या युसेबियसच्या ग्रंथातून. लूक तर सुरुवातीलाच सांगतो की ज्यांनी पहिल्यापासून डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेलं आपण नीट शोध करून लिहितो आहोत. म्हणजे पाहणारा तो स्वतः नव्हे. मार्क साधारण सन ७०चा, बाकीचे त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतले.

मग त्यांत फरक पडणारच. मार्कात कबरीकडे तिघी जातात: मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. मत्तयात दोघी. लूक योहान्नाचं नाव घेतो आणि आणखीही काही जणी होत्या म्हणतो. योहानात मग्दालीया एकटीच निघते. आत एक तरुण होता, एक देवदूत होता की दोन? शिष्यांना तो भेटला गालीलात की यरुशलेमात? मार्काचा शेवट तर विलक्षण आहे. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन नामांकित हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीलाच थांबतो. बायका थरथरत पळाल्या आणि भीतीने कुणाला काही बोलल्या नाहीत, एवढ्यावर. पुढच्या बारा ओव्या त्यांत नाहीत.

एका घटनेचे चार साक्षीदार शब्दाशब्दाला सारखं बोलले की आमचे न्यायाधीश चष्म्यावरून बघायचे. किरकोळ विसंगतीने साक्ष पडत नाही, उलट तिला खरेपणाचा वास येतो. पण मी दोन्ही बाजू सांगणार. देवदूत एक की दोन ही किरकोळ विसंगती धरता येईल. भेट गालीलात झाली की यरुशलेमात, ही किरकोळ नाही, दोन्ही ठिकाणांत काही दिवसांची पायपीट आहे. चांगला वकील तिथे साक्षीदाराला घाम फोडेल. आणि तरीही प्राचीन मंडळीने केलेली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. सन १७०च्या सुमारास तातियान नावाच्या सिरियन विद्वानाने चारही शुभवर्तमानं जुळवून एकच सलग कथा तयार केली. सीरियातल्या मंडळ्यांत ती कित्येक पिढ्या वाचली गेली. सोय होती, वाद मिटत होते. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट यांनी आपल्या भागातून तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि तिथे पुन्हा चार वेगळी शुभवर्तमानं ठेवली. न जुळणारे चार जबाब तसेच जपणं हा प्रामाणिकपणा आहे. ‘कोर्टात टिकेल’ म्हणणारे आमचे उपदेशक हे फरक झाकून ठेवतात, तेव्हा ते तातियानचं काम पुन्हा करत असतात.

आता बायकांबद्दल. चौघांच्याही लिखाणात रिकामी कबर पहिल्यांदा पाहतात त्या बायका, आणि चौघांतही मग्दालीया मरीया आहेच. त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत काय होती? योसेफस लिहितो की स्त्रियांची साक्ष घेऊ नये, कारण त्यांच्या जातीत उथळपणा आणि आगाऊपणा असतो. यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्नेतही साक्षीला अपात्र ठरवलेल्यांचा उल्लेख करताना स्त्रीचं नाव येतं. आपल्याकडे मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून बघा. निर्लोभी पुरुष एकटा असला तरी साक्षीदार चालतो, बायका शुद्ध आणि पुष्कळ असल्या तरी चालत नाहीत, कारण त्यांची बुद्धी स्थिर नसते. यरुशलेम कुठे, मनू कुठे, पण बाईला गप्प करायचं कारण दोघांना सारखंच सुचलं. स्वतः लूक लिहितो की बायकांचं सांगणं प्रेषितांना बाष्कळ बडबड वाटलं. दुसऱ्या शतकातला सेल्सस हा टीकाकार तर खिल्लीच उडवतो: पाहिलं कुणी, तर एका बावचळलेल्या बाईने.

यावरून उपदेशक म्हणतात, कुणी कथा रचली असती तर साक्षीदार म्हणून बायका घेतल्याच नसत्या, म्हणून कथा खरी. हा मुद्दा वजनदार आहे, मलाही पटतो. पण त्यालाही उलटतपास आहे. प्रेताला सुगंधी द्रव्यं लावणं बायकांकडेही असे, त्यामुळे कबरीपाशी बायका असणं स्वाभाविक होतं. माझ्या मते या प्रसंगातून एवढं नक्की निघतं की लिहिणाऱ्यांना ही आठवण गैरसोयीची होती, तरी त्यांनी ती पुसली नाही.

गैरसोयीची होती हे कशावरून? पौलाच्या यादीवरून. ती यादी पुन्हा वाचा. केफा आहे, बारा आहेत, पाचशे आहेत, याकोब आहे. मग्दालीया नाही. कबरीकडे गेलेली एकही बाई नाही. कारण पौल सांगत नाही, पण परक्या गावात वजन पडेल अशीच नावं यादीत राहिली असावीत, असं मला वाटतं. सर्वांत जुन्या लेखी पुराव्यातून पहिल्या साक्षीदार गळाल्या आणि नंतर लिहिलेल्या शुभवर्तमानांनी त्या परत आणल्या.

याचं मला नवल वाटत नाही. माझी आई सकाळी कारखान्यातून पानं आणि तंबाखू घेऊन यायची, दिवसभर विड्या वळायची आणि हजाराचा हिशेब पुरा करून द्यायची. चेकर त्यातल्या खराब विड्यांची छाट काढायचा. एकदा वहीत तिच्या नावावर कमी आकडा पडला. तिने सांगितलं, मी पुऱ्या दिल्या. बरोबरच्या दोघी बायका म्हणाल्या, आम्ही मोजताना बघितलंय. तीन डोळस साक्षीदार, तिघींचं म्हणणं एकच. पण वहीत लिहिलेलं तेच खरं ठरलं, आणि वही चेकरच्याच हातात. त्या आठवड्याचे पैसे कापले गेले. पुढे मी कोर्टात लागले आणि शिकले की १८७२ पासून या देशाच्या कायद्याने साक्षीदारात बाई-पुरुष भेद ठेवलेला नाही. अमुक इतके साक्षीदार हवेतच, अशी अटही नाही. एकट्या बाईच्या विश्वासार्ह साक्षीवरही निकाल होऊ शकतो. कायद्याला हे कधीच कळलंय, वही लिहिणाऱ्यांना अजून कळायचंय.

मराठीत या विषयाचं सगळ्यांत मोठं उदाहरण आहे पंडिता रमाबाईंचं. १८८२ मध्ये पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, मराठीत. वय अवघं चोवीस, त्याच वर्षी वैधव्य आलेलं. शिकलेले पुरुषच स्त्रीशिक्षणाच्या आड येतात आणि बायकांसाठी डॉक्टरही बायकाच हव्यात, असं त्यांनी आयोगाच्या तोंडावर सांगितलं. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी डोळे मिटून काही स्वीकारलं नाही. ख्रिस्ताचं देवत्व, त्रैक्य यांवर तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा पत्रांतून कडक वाद झाला. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाकडे गहाण टाकली नाही. सोलापूर-पुणे गाडीने जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, १९२४ मध्ये ते संपूर्ण छापून निघालं. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली ती मुक्तीतल्या बायकांनी. तिथे दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या, विधवा होत्या. मराठीत ख्रिस्तकथा त्याआधीही होती. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्येच गोव्यात छापलं गेलं. पण रिकाम्या कबरीहून धावत आलेल्या बायकांची साक्ष बाईने भाषांतरित करावी आणि बायकांनी छापावी, हे केडगावात घडलं. ईस्टरच्या उपदेशात मी शेरलॉक, ग्रीनलीफ पुष्कळ ऐकले. रमाबाई फार क्वचित ऐकल्या.

आता शेजारणीकडे येते. आमच्या शेजारच्या अक्का स्वामींच्या भक्त. १८७८ मध्ये स्वामींनी देह ठेवला, तरी आजारपणात ते आपल्या उशाशी येऊन बसले होते, असं त्या शपथेवर सांगतील. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये मांडलेली अडचण इथे माझ्या दारात उभी राहते. प्रत्येक धर्माकडे चमत्कारांचे साक्षीदार आहेत, मग एकाचेच खरे कसे धरायचे? मी फरक दाखवू शकते. अक्कांची प्रचिती सान्निध्याची आहे, समाधी रिकामी झाली असा दावा त्या करत नाहीत. आमच्या शिष्यांचा दावा रिकाम्या कबरीचा आणि देहाचा आहे. पण पौलाचा पालट झाला तो दमास्कसच्या वाटेवरचा प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात प्रकाश आणि वाणी असाच वर्णिला आहे, आणि ‘मला दिसला’ असं प्रथमपुरुषी लिहून ठेवणारा बायबलमधला पुनरुत्थानाचा निर्विवाद साक्षीदार तो एकटाच आहे. अक्कांचं आणि त्याचं अंतर उपदेशक सांगतात तेवढं मोठं नाही. पौलाला एक माप आणि अक्कांना दुसरं, असं मी लावणार नाही. अक्का खोटं बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी जे अनुभवलं त्याचा अर्थ काय, यावर आम्ही दोघी वेगळं मानतो आणि तरी एकमेकींच्या घरी जेवतो. कोर्टाची भाषा आणली की मात्र एकीला जिंकावं लागतं, दुसरीला हरावं लागतं.

आणखी एक दावा ऐकू येतो: सगळे प्रेषित या साक्षीसाठी मेले, खोट्यासाठी कोण मरतं? इथेही जपून बोलावं. जब्दीचा मुलगा याकोब हेरोदाच्या तलवारीने मारला गेला, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. येशूचा भाऊ याकोब, पेत्र, पौल यांच्या मरणाला जुने आधार आहेत. बाकीच्यांच्या कथा बऱ्याच नंतरच्या. आणि मरायला तयार होणं हे मनापासून विश्वास असल्याचं लक्षण आहे, घटना घडल्याचा दाखला नव्हे. आपल्या पंथासाठी मरणारे सगळ्या धर्मांत झाले.

मग कोर्टाच्या वाक्याने नुकसान काय? आमच्या घरकुलातली पोरं आता कायदा शिकतात, डॉक्टर होतात, मोबाइलवर दोन मिनिटांत मार्काचा शेवट वाचतात. त्यांना लहानपणी ‘पुरावा पक्का आहे’ एवढंच शिकवलं असेल, तर पहिल्या विसंगतीपाशी त्यांची श्रद्धा आणि आमच्यावरचा विश्वास दोन्ही एकदम जातात. साक्ष काय सांगते, कुठे थांबते आणि पुढे आपण कशाच्या जोरावर चालतो, हे आधीच सांगितलेलं असेल तर तसं होत नाही. माझा विश्वास त्या साक्षीवर टेकलेला आहे. ती साक्ष जुनी आहे, ती देणाऱ्यांना तिची किंमत मोजावी लागली, आणि ती गुळगुळीत केलेली नाही. तेवढ्यावर मी चालते, आणि तो माझा निर्णय आहे. त्यावर कुठल्याही कोर्टाचा शिक्का मला नको.

पाळकसाहेबांना माझी विनंती आहे. या ईस्टरला मत्तयाचा अठ्ठाविसावा, मार्काचा सोळावा, लूकाचा चोविसावा आणि योहानाचा विसावा, हे चार अध्याय मंडळीत एकापाठोपाठ वाचून घ्या, फरकांसकट, आणि वाचायला बायकांना उभं करा. मंडळीच्या कमिटीत हिशेबाची वही उघडाल तेव्हाही त्यांचं बोलणं इतिवृत्तात लिहून घ्या. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही ते चार अध्याय वाचावेत, अर्ध्या तासाचं काम आहे. वाचताना शंका आली तर विचारा. थोमा या शिष्याने सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, आणि त्याला कुणी मंडळीबाहेर काढलं नाही.